लायलच्या बोटांचं तेल

माझा नवरा लायल आमच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधतोय. सत्तराव्या वाढदिवसाला त्यातून उडायचं, एवढं एकच त्याचं स्वप्न. प्रायमर मारण्याआधी ॲल्युमिनियमचा प्रत्येक तुकडा घासायचा, धुवायचा आणि मग उघड्या हाताने त्याला शिवायचंसुद्धा नाही; जराही तेल लागलं की प्रायमर धरत नाही. लायलला तळलेल्या चीजचा भारी सोस, म्हणून त्याच्या हातांवर पहारा मीच ठेवला होता.

तरी शनिवारी पंखाच्या अठ्ठावीसही फासळ्यांवरचा प्रायमर सुटला. आता सगळं खरवडून पहिल्यापासून करायचं, म्हणजे वाढदिवसाचं उड्डाण बुडालं.

"खाऊन आलास की हात धू, किती वेळा सांगितलं तुला?" मी हळूच म्हटलं.

"अगं, देवाशपथ, मी हातमोजे काढलेच नाहीत!"

"शपथ नको घेऊस. चूक कबूल केली की मन हलकं होतं."

बिचाऱ्याने मान खाली घालून कबूलही केली. तेवढ्यात शेजारचा गॉर्डी, ज्याने आजवर तीन विमानं बांधलीत, चष्मा चढवून फासळीवर वाकला.

"लायल, हे बोटांचे ठसे नव्हेत रे. सगळीकडे एकच आकार आहे."



रोज सकाळी प्रार्थनेनंतर, धुतलेल्या फासळ्यांवर मी फादरनी आशीर्वाद देऊन दिलेल्या तेलाने काढलेले क्रूस, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, लख्ख उघडे पडले होते.