उस्ताद रिझ्कांचा खोकला

“खोकला कोरडा की ओला?” शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या डॉक्टर मगदींनी विचारलं.

“कुणाचा?” रीहाम म्हणाली.

“तुझ्या उस्तादांचा. दुसरं कोण खोकतं इथे?”

रीहामने हातातली व्हिडिओ गेमची डबी काउंटरवर ठेवली. डॉक्टर जुनं गिऱ्हाईक. फुटबॉलचा नवा गेम आला की पहिले हजर. आज त्यांनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

“कोरडा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि काहीही न घेता निघून गेले.

रीहामने मागचा पडदा आणखी ओढून घेतला. कारण काउंटरमागच्या पडद्याआड उस्ताद रिझ्क नव्हतेच. कधीच नव्हते.

तीन वर्षांपूर्वी एका मिशाळ गिऱ्हाइकाने तिचं उत्तर झिडकारून विचारलं होतं, “दुकानात कोणी पुरुषमाणूस नाही का?” रीहाम पडद्याआड गेली, मूठभर भाजके हरभरे सावकाश खाल्ले, बाहेर आली आणि मघाचंच उत्तर उस्तादांच्या नावाने दिलं. मिशी खूश होऊन गेम घेऊन गेली. तेव्हापासून इजिप्तमधल्या तांता शहराच्या त्या गल्लीत उस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या नावाने मागच्या दाराने चहा यायचा, तो रीहामच प्यायची. अधूनमधून पडद्यामागे जाऊन खोकायचीही तीच.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण उस्तादांची कीर्ती फोनवरूनच ऐकून असलेले मालक हाजी फतूह सौदीतल्या जेद्दाहून कायमचे परत येत होते, आणि तेही याच गुरुवारी.

“उस्तादांच्या कपाळाचं चुंबन घेणार आहे मी,” ते फोनवर म्हणाले होते. “ते आहेत म्हणून दुकान उभं आहे. नाहीतर काउंटरवर कधीच माझा भाचा बसला असता. पोरींना यातलं काय कळतं?”

रीहामला त्या काउंटरचा लळा होता. घरी तिचं कोणी ऐकत नसे. इथे रोज निदान दहाजण तिचं ऐकत, उस्तादांच्या नावाने का होईना. भाचा बसला तर तिच्या वाट्याला डब्या बांधणं उरणार होतं.

दुपारी इस्त्रीवाला शिहाता आला. बराच वेळ मोटारींच्या शर्यतीचा गेम उलटासुलटा करत राहिला.

“काय हवंय, शिहाताकाका?”

“मला? काही नाही. पोरी, उस्ताद पायात काय घालतात गं?”

“चपला.”

“रंग?”

“तपकिरी. का?”

“सहज,” शिहाता म्हणाला आणि गेम उलटा ठेवून सटकला.

मग आल्या अब्ला सनिया. अब्ला म्हणजे शाळेतल्या बाई. आपल्याकडची अबला नव्हे, हे गल्लीतल्या कुठल्याही बाप्याला विचारावं. तिथल्या निम्म्या पुरुषांचे कान त्यांनी गणिताच्या तासाला पिळले होते.

“त्या गेममधला पुलावरचा राक्षस हटत नाही गं,” त्या म्हणाल्या. “नातू अडकलाय.”

“तुमचा नातू कॅनडात असतो ना, अब्ला?”

“मग तिकडे काय राक्षस नसतात?”

रीहाम पडद्याआड जाऊन आली. “उस्ताद म्हणतात, त्याच्या डोक्यावर मारू नका. आधी गुडघा फोडा, मग तो आपणच वाकतो.”

“हुशार आहे तुझा उस्ताद.” अब्लांनी तिला चष्म्यावरून न्याहाळलं. “चहात साखर किती घेतो?”

“चार चमचे.”

“देवा रे!” अब्ला म्हणाल्या आणि गेल्या.

चोराच्या मनात चांदणं. रीहामने दोन आणि दोन चार असा हिशेब मांडला. खोकला, चपला, साखर... ही माणसं हाजींनीच पेरली होती. उस्ताद खरा की खोटा, याची आधीच झडती चालली होती. तीन वर्षं जिवाभावाने हसून बोललेली माणसं! तिला रडू आलं, रागही आला.

उस्तादांना मारून टाकावं, असंही तिच्या मनात आलं. पण उस्ताद मेले की काउंटर भाच्याचा. तिने ठरवलं, पळायचं नाही. पडदा उघडला की सरळ सांगायचं, उस्ताद मीच. मग पितळ उघडं पडो की सोनं.

गुरुवारी हाजी फतूह आले. अंगात पांढरी शुभ्र पायघोळ जल्लाबिया, बोटांत सिगरेट. पण दारातच शिहाताने त्यांना मिठी मारली.

“या हाजी! दिवस उजळला! तब्येत कशी? भाऊ कसे? भावाचा गुडघा? वहिनींची बहीण? तिचा तो साखरपुडा मोडला होता, त्याचं पुढे काय झालं?”

“जुळला, जुळला. आत तर येऊ दे, बाबा!”

“पाणी न पिता? छे!”

तेवढ्यात डॉक्टर मगदींनी रीहामला शिडीवर चढवलं. त्यांना नेमका सगळ्यात वरच्या फळीवरचा, धूळ खात पडलेला गेम हवा होता. तिने काढून दिला, तर म्हणाले, “हा नव्हे, शेजारचा.” शेजारचा दिला, तर म्हणाले, “मघाचाच बरा होता.”

“डॉक्टर, आज तुम्हाला झालंय तरी काय?” ती शिडीवरून ओरडली.

“उस्ताद कुठे आहेत?” खालून हाजींचा आवाज आला. ते शिहाताच्या तावडीतून सुटले होते आणि थेट पडद्याकडे निघाले होते.

रीहाम धडपडत खाली उतरली. तिने श्वास घेतला. “हाजी, तुम्हाला एक सांगायचंय. उस्ताद—”

आतून खोकल्याचा आवाज आला. कोरडा.

रीहामने खाली पाहिलं. पडद्याखाली तपकिरी चपला दिसत होत्या.

हाजींनी एका हाताने पडदा सरकवला, आणि त्यांचा दुसरा हात सिगरेटसकट आपोआप पाठीमागे गेला. टीव्हीवर पुलावरचा राक्षस गुडघ्यातून वाकत होता. समोर खुर्चीत, शेजारी चहाचा ग्लास ठेवून, चष्मा नाकावर ओढून, दोन्ही हातांत कंट्रोलर घट्ट धरून अब्ला सनिया बसल्या होत्या.

“सिगरेट विझव, फतूह,” त्या वळूनही न बघता म्हणाल्या, “आणि गुपचूप उभा राहा. उस्ताद खेळतायत.”