पाहुण्याचा पेला

"आत बघितलीस! तू बाद!" महादेवीने धाकट्या बहिणीच्या हातातला पेला हिसकावला.

"म्या कुठं काय म्हणलं?" मल्लम्मा रडवेली झाली.

"बघायचं बी न्हाई. पाहुणे पेल्यात डोकावत्यात का, येडे?"

मल्लम्मा दाराबाहेर जाऊन पुन्हा पाहुणी झाली. नियम साधा होता. यजमानणीने रिकामा पेला द्यायचा. पाहुणीने तो तोंडाला लावून घोट घ्यायचे. पेला रिकामा आहे हे जी कबूल करील, ती बाद. या खेळाच्या निर्मितीचे श्रेय दोन वर्षे पाठ फिरवलेल्या पावसाला आणि नुकत्याच जन्मलेल्या लातूर जिल्ह्याला समसमान द्यावे लागेल. म्हातारपणीही दोघी बहिणी त्याची आठवण काढून हसणार होत्या. त्या दुपारी मात्र दोघी गंभीर होत्या.

बाहेर ओसरीवर जिल्ह्याचे साहेब गावच्या तलाठ्यासह बसले होते. शिरूर अनंतपाळच्या आसपास कोणत्या गावाला टँकर द्यायचा, हे त्यांना ठरवायचे होते. मुलींचे वडील चन्नबसप्पा यांनी गावचा आटलेला आड त्यांना दाखवला होता. साहेबांना तो पुरावा अपुरा वाटला. आड आटला तरी घरात पाणी असते, असा प्रशासनाचा अनुभव होता.

आतली कुजबुज ऐकून साहेबांनी मान वळवली. "काय चाललंय मुलींचं?"

"काय न्हाई, खेळायल्यात," चन्नबसप्पा म्हणाले आणि सवयीने हाक दिली, "महादेवी, सायबाला पाणी आण गं."

महादेवीने हातातलाच पेला आणला.

साहेबांनी तो घेतला, निरखला, उलटा केला. "अगं, यात पाणीच नाही!"

"मग तुमी बाद," महादेवी म्हणाली.

साहेब मोठ्याने हसले. मग हसू विरले. त्यांनी मुलीच्या कोरड्या, फुटलेल्या ओठांकडे पाहिले, बापाच्या खाली गेलेल्या नजरेकडे पाहिले. नव्या जिल्ह्याच्या कारभारात असा क्षण दुर्मीळ असावा: शासनाला काहीतरी दिसत होते.

"तलाठी," ते हळू आवाजात म्हणाले, "इथं टँकर द्यावा लागेल."

चन्नबसप्पांना ते ऐकूच आले नाही. त्यांच्या कानशिलांवर रक्त चढले होते. आजोबांच्या काळापासून या घरातून कोणी कोरड्या घशाने गेले नव्हते, आणि आज पोटच्या पोरीने परक्या माणसाच्या हाती रिकामा पेला दिला होता. तो पेला उचलून ते तरातरा आत गेले. रांजणाच्या तळाशी त्यांची बायको शांतम्मा हिने उद्याच्या लिंगपूजेपुरते पाणी राखले होते.

"अवो, पूजेचं हाय ते," ती पुढे झाली. "पूजेनंतर तेच लेकरं पित्यात. ते गेलं तर त्यांच्या तोंडात काय घालू?"

"माझ्या दारातून पाहुणा तसाच जाईल व्हय?"

त्यांनी रांजण कलता केला. पेला काठोकाठ भरला. बाहेर येऊन दोन्ही हातांनी तो साहेबांपुढे धरला.

"लेकरू हाय सायब, माफी करा. घ्या."

साहेबांनी पेल्याकडे पाहिले, चन्नबसप्पांच्या ताठ मानेकडे पाहिले आणि सारे पाणी पिऊन टाकले.

"चला," उठता उठता ते तलाठ्याला म्हणाले, "पाहुण्याला पाजण्याइतकं पाणी आहे इथं. टँकर पुढच्या गावाला द्या."