कुंदाबाई हो म्हणतात

"तुझ्या माहेरी भरीत कोनालेच जमत नाही. नुसता चिखल," शालिग्राम आबांनी खाटेवरून खडा टाकला आणि वाट पाहिली.

"नसंल जमत," कुंदाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या पाठीखालची उशी सारखी करू लागल्या.

आबा धास्तावले.

भालोदच्या त्या गल्लीत कुंदाबाईंचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. आबा एक बोलले की त्या चार ऐकवायच्या. केळीला पाणी कधी द्यायचं इथपासून नातवाचं नाव काय ठेवायचं इथपर्यंत, उभ्या संसारात दोघांचं कशावर म्हणून एकमत झालं नव्हतं. पण आबांना लकवा झाला, डावं अंग गेलं, जळगावच्या दवाखान्यातून त्यांना जीपमध्ये निजवून घरी आणलं, आणि तेव्हापासून बाई पार बदलल्या. त्या त्यांचं अंग पुसायच्या, कुशीवर वळवायच्या, तिळाचं तेल चोळायच्या, बिनमिठाचं वरण भरवायच्या. न्हाव्याचा हात जड, म्हणून दाढीसुद्धा त्याच करायच्या. त्याबद्दल आबांची तक्रार नव्हती. पण आबा काहीही बोलले तरी बाईंचं एकच, "बरोबर आहे तुमचं."

हे भयंकर होतं.

कारण आबांनी हे आधी पाहिलेलं होतं. त्यांचे चुलते जायला टेकले, तेव्हा बांधावरून जन्मभर कोर्टात खेचणारा भाऊबंद येऊन त्यांचे पाय चेपत बसला होता. माणूस आता राहत नाही असं ठरलं, की लोक त्याच्याशी गोड बोलायला लागतात. म्हणजे जळगावच्या डॉक्टरनं कुंदीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं असणार.

खात्री करून घ्यावी म्हणून आबांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. रविवारी सकाळी टीव्हीसमोर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, मालिका ऐन रंगात आली होती, आणि आबा म्हणाले, "बंद कर ते." कुंदाबाईंनी उठून बटण फिरवलं. शेजारच्या सुंदरबाई आ वासून बघत राहिल्या. एदलाबादहून मेहुणी भेटायला आली, तर तिच्यादेखत आबा बायकोला म्हणाले, "तुझ्यापेक्षा तुझी बहीनच बरी दिसते."

"आहेच ती देखनी," म्हणत कुंदाबाई चहा टाकायला गेल्या. मेहुणीनं घाबरून दुपारचीच एस.टी. पकडली.

आणि आज हे भरीत. आता शंकेला जागाच उरली नव्हती.

दुपारी कुंदाबाई रबरी चेंडू घेऊन आल्या. डाव्या हातात धरून तो दाबायचा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"राहू दे. जानाऱ्याच्या हातात जोर काहाले पाह्यजे?"

"असं काय बोलता?"

"कुंदे, खरं सांग. डॉक्टर काय बोलला तुले? किती दिवस म्हने माझे?"

"दिवस?" कुंदाबाई गोंधळल्या. "दिवाळीले काठी घेऊन चालतील म्हने. रोज हात हलवला तं."

"खोटं बोलते तू."

"पोरायची आन."

आबांनी मान वळवली. "मंग तू मले असं हो हो काहून म्हनते?"

कुंदाबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या. हातातला चेंडू त्यांनी मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी मी तुमाले बोलू राह्यली होती," त्या म्हणाल्या. "अंगनात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या तुमी तुडवल्या म्हनून. मी बोलता बोलता तुमी पडले. माझ्या तोंडानंच झालं ते. मंग मुक्ताईले म्हटलं, हा मानूस उठू दे, मी पुन्हा तोंड उघडनार नाही."

आपण इथं पडल्या पडल्या आपलं मरण मोजत होतो, आणि ही बाई रोज आपलं अंग पुसताना मनात हे घेऊन पुसत होती. आबांनी उजवा हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

"येडी आहे तू. माझा पाय मिरच्यांत गेला, तवाच तो बधिर झालता. पायाखाली काय आलं ते मले समजलंच नाही. तू बोलली ते त्याच्या नंतर." आबांचं अर्धं तोंड हसलं. "आन् तुझ्या भांडनानं मरनार असतो, तं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नसतो मेलो?"

कुंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. नाक पुसलं. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि तोच पदर त्यांनी कमरेला खोचला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, आणि आवाज थेट सुंदरबाईंच्या ओट्यापर्यंत गेला, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भांडन कोनी काढलं होतं? तुमी काढलं होतं, मी नाही!"