मसोबाचं वळण

भावकूची तंबाखूची मोटार निपाणीहून निघाली, की तवंदीच्या घाटात मसोबाच्या वळणावर हटकून उकळायची. मागनं येणारे बैलगाडीवाले दात काढत पुढं जायचे. दृष्ट लागली म्हणून त्याच्या बायकोनं, जयाबाईनं, मोटारीच्या तोंडाला आधी लिंबं बांधली, मग बिब्बे, मग फाटकं पायताण, आणि शेवटी आख्खी काळी घोंगडी. वर मसोबाला अकरा नारळांचा नवसही बोलली. मोटार आणखीच तापायला लागली.

बेळगावचा रवळू मिस्त्री आला. त्यानं इंजिनाला हातसुद्धा लावला नाही, पुढचा सगळा बाजार तेवढा ओरबाडून काढला. "अण्णा, पाणी निवतंय ह्या जाळीतल्या वाऱ्यानं. तुमी तिचं नाकच दाबलंय की."

मिस्त्रीला शेजारी बसवून भावकू निघाला. वळण आलं तरी मोटार गार. बैलगाड्या कुठल्या कुठं मागं राहिल्या.

अजून निम्मा चढ बाकी होता, पण भावकूनं तिथंच मोटार थांबवली. मसोबाला हात जोडले. "मंडळींचा नवस पावला बगा, मिस्त्री," म्हणत सीटखालनं अकरा नारळांचं तोरण काढलं आणि जाळीवर गच्च आवळून बांधलं.


मिस्त्री खाली उतरला आणि मागनं येणाऱ्या बैलगाडीत जाऊन बसला.