घोटभर जागा

"थांब, थांब! तिथे गप्प बसायला तुला कुणी सांगितलं?" क्लॅराने पियानोवरचे हात झटकन उचलले.

तौ वांग गोंधळला. चाळिशीचा माणूस, शाळेत संगीत शिकवणारा. आपला बास, ते खर्जात वाजणारं माणसाएवढं तंतुवाद्य, घेऊन चर्चच्या तळघरात आज पहिल्यांदाच आला होता. "तुमच्या रेकॉर्डवर तसंच आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कडव्याआधी बास चार ठोके थांबतो, मग येतो. मी घरी तसंच बसवलंय."

ड्रममागे बसलेल्या डेलने काठ्या मांडीवर ठेवल्या. अरे बाबा, ती काही चाल नव्हती! त्यांचा जुना बासवाला एइनो तिथे कॉफीचा घोट घ्यायचा. पहिल्या वेळी घोट लांबला, पठ्ठ्या उशिरा आला, क्लॅराने डोळे वटारले. लोकांनी मात्र टाळ्या पिटल्या. रेडिओवर अख्ख्या डुलूथ शहराने ऐकलेलं रॉक गाणं, यांनी जॅझमध्ये घेऊन पार उलटंपालटं केलेलं, आणि मधोमध ही रिकामी जागा. पुढे लोक तेवढ्यासाठी येऊ लागले. एकवीस वर्षं एइनोने तो घोट चुकवला नाही, आणि बाकीचे दोघं थांबायला शिकले.

नोव्हेंबरात एइनो गेला. क्लॅराचा नवरा. काल फोनवर तिने डेलला स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या जमलं तर शुक्रवारच्या कार्यक्रमात वाजवू. नाहीतर आपलं त्रिकूट संपलं."

"ती जागा काढून टाका," आता ती म्हणाली. "सरळ वाजवा."

सरळ वाजवलं. तौ अगदी वेळेवर आला. पण क्लॅराचे हात थांबले, डेलची काठीही हवेतच राहिली. तौ बिचारा एकटाच पुढे गेला आणि ओशाळून थांबला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा क्लॅरा ओरडली, "मेल्या, गेलास तर नीट जायचंस की!"

कुणाला, हे कुणी विचारलं नाही.

"राहू दे, डेल. नाही होत माझ्याच्याने." तिने पियानोच्या झाकणाला हात घातला.

डेल घाबरला. हे संपलं तर घरी जाऊन करायचं काय? टीव्हीसमोर बसायचं? "एकदाच," तो म्हणाला. "त्याच्या पद्धतीने, जागा ठेवून. मग खुशाल लाव झाकण. मी ब्र काढणार नाही."

वाजायला लागलं. ती जागा आली. तिघंही थांबले.

आणि डेलच्या छोट्या ड्रमच्या पोटाखालच्या तारा कुरकुरू लागल्या.

डेल वाकून ड्रमखाली बघू लागला. एइनोचा तो खालचा जाड स्वर लागला की त्या तारा अशाच थरथरायच्या. त्यावरून त्याने एइनोला काय कमी शिव्या घातल्या होत्या! दर वेळी खटका ओढून तारा सैल कराव्या लागायच्या. त्याने तौकडे पाहिलं.

तौने दोन्ही हात बासपासून लांब धरले होते. "मी नाही हं," तो म्हणाला. तळघर तापवणाऱ्या बॉयलरची थरथर म्हणावी तर तो सकाळपासून बंद. तिघंही कोट घालूनच बसले होते.

सवयीने डेलचा हात खटक्याकडे गेला.

"हात लावलास तर याद राख," क्लॅरा पुटपुटली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, बोटं पट्ट्यांवर तयार होती.

चार ठोके केव्हाच उलटून गेले. कुरकुर चालूच होती.

"मग मी यायचं कधी?" तौने हळूच क्लॅराला विचारलं.

"त्याचा घोट संपला की."