दोन बर्चांमधली फीत

एस्कोने दुसरी गाठ मारली आणि ओढून पाहिली. पक्की बसली होती. दोन बर्च झाडांच्या मध्ये पिवळी फीत ताणून उभी राहिली, सकाळी असायला हवी होती तशी.

"झालं?" मागून राइलीने विचारलं.

"झालं."

"पोरगी इथूनच गेली ना? मग कुत्रा येईपर्यंत इथे कुणाचाही पाय पडता कामा नये. माग तुडवला गेला की कुत्रा आणून काय उपयोग!" राइली पूर्वी शाळेची बस चालवायची. आता गावच्या शोधपथकाची प्रमुख होती, आणि तिच्याच बसने शाळेत गेलेल्या एस्कोला अजून 'पोरा' म्हणायची. "चल पोरा. आपण तळ्यावर. अशी मुलं पाण्याकडे जातात."

एस्कोला ते सांगायची गरज नव्हती. त्याची मुलगी एल्सी आठ वर्षांची होती, स्वमग्न होती. बोलत नव्हती, हाक मारली तर वळून बघत नव्हती. सहाव्या वर्षापर्यंत ती अकरा वेळा घरातून निघून गेली होती. नऊ वेळा पाण्याजवळ सापडली. दोनदा आपली आपण परत आली, गेली होती त्याच वाटेने.

जाळीचं कुंपण ती चढून जायची. पुढच्या फाटकाला त्याने उंचावर कडी बसवली, पण बाकीच्या आवाराचं काय करायचं ते सुचत नव्हतं. शेवटी स्वतःचाच धंदा उपयोगी पडला. जंगलात तोडीच्या हद्दी आखणं हे त्याचं काम; पिवळ्या फितीची भेंडोळी गाडीत कायम पडलेली असायची. झाडाझाडाला बांधत त्याने अख्खं आवार फितीने वेढलं आणि रोज एल्सीचा हात धरून कडेकडेने चालला. फीत आली की थांबायचं. कुणी उचलली तरच पलीकडे जायचं. असे चौदा महिने गेले.

एकदा तिचा चेंडू फितीखालून बाहेर घरंगळला. एस्को कामावरून आला तेव्हा ती चेंडूकडे बघत उभी होती.

"तास झाला," त्याची बायको हिल्का दारातून हळूच म्हणाली. "मी मुद्दाम गेले नाही. म्हटलं बघू तर खरं."

त्याने फीत उचलली. एल्सी वाकून गेली, चेंडू घेऊन परत आली. हिल्का हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर एल्सी एकदाही हरवली नव्हती.

आज सकाळी वेइक्को सरपण घेऊन आला. त्याचा ट्रक जंगलाच्या रस्त्याने लाकडांच्या शेडमागे येतो, म्हणून एस्कोने तेवढी एक फीत सोडली.

"तुझी पोरगी खरंच हे पाळते?" वेइक्को लाकडं उतरवत म्हणाला. "माझा जावई सिग्नलचा लाल दिवासुद्धा पाळत नाही."

"त्याला पाठव इकडे. चौदा महिने लागतील."

"त्याला चौदा वर्षं लागतील रे बाबा!"

ट्रक गेला. ऑफिसचा फोन आला, चार मिनिटांचा. बोलत बोलत एस्को आत गेला, कॉफी ओतून घेतली. सोडलेली फीत त्याच्या खिशातच राहिली.

अकरा वाजता एल्सी कुठेच नव्हती.

तळ्याच्या धक्क्यावर तिचा एक हातमोजा सापडला, ओला. मग कुणी दुसरीकडे बघितलंच नाही. वीसेक माणसं बोरूच्या बेटांत लांब काठ्या घालून चाचपत होती. दोन होड्या काठाकाठाने फिरत होत्या. एक वाजता पावसाचा ओला बर्फ झाला. पारा एक अंशावर होता. एल्सीच्या अंगात फक्त स्वेटर होता; कोट घरात खुंटीला तसाच.

हिल्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळ्याकडे बघत होती. एस्को काठ्या न्यायला आला तेव्हा ती वळली नाही.

"एक फीत, एस्को. एकच बांधायची होती."

"हो."

"ती एकदाही चुकली नाही. तू चुकलास."

"हो," एस्को म्हणाला. त्याने काठ्या उचलल्या.

कुओपिओ शहरातून कुत्रा यायला साडेतीन झाले. उजेड मावळायला आला होता. कुत्र्याची मालकीण तरुण होती. तिने एल्सीची उशी मागून घेतली आणि विचारलं, "ती गेली ती जागा कुणी तुडवलेली नाही ना?"

"फीत बांधून ठेवलीय," राइली म्हणाली. "दुपारपासून तिकडे कुणी फिरकलेलं नाही."

"असं कुणी करत नाही हो! बहुतेक ठिकाणी आम्ही पोचतो तोवर जत्रा भरलेली असते."

एस्को पुढे चालू लागला. एल्सी सापडू दे, तो मनात म्हणत होता, मग ऑफिस गेलं खड्ड्यात, फोन गेला तळ्यात. सकाळी एक गाठ मारली असती तर. एक.

शेडच्या कोपऱ्यावर कुत्रा थांबला. मालकिणीला उशी त्याच्या नाकाशी धरावीच लागली नाही.

एल्सी फितीच्या पलीकडे बसली होती, बर्चला टेकून, तोंड घराकडे करून. केसांवर, खांद्यांवर बर्फ होता. वितळत नव्हता. राइली फितीखालून वाकून गेली, गुडघ्यांवर बसली, एल्सीच्या गळ्याला दोन बोटं लावून बराच वेळ थांबली. मग तिने डोक्यावरची टोपी काढली.

एस्को जमिनीकडे बघत होता. ओल्या बर्फात छोट्या बुटांचे ठसे फितीच्या कडेकडेने पार टोकापर्यंत गेले होते. परत आले होते. पुन्हा गेले होते, पुन्हा आले होते. बर्चपाशी, फितीपासून हातभर अंतरावर, बर्फ तुडवून तुडवून काळा झाला होता.

दोन्ही गाठी पक्क्या होत्या.