तिसऱ्या रांगेतला फोटो

“आई, बँडवाले आलेसुद्धा! तू अजून गाडीतच?” कॅमिलनं दार उघडून धरलं. “सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत. उतर ना.”

लुविनिया उतरली, पण पाय काही पुढे पडेना. अलाबामाचं ऊन भर सकाळी डोकं तापवत होतं. कोर्टासमोरच्या मैदानात अख्खं हार्लन्स फेरी गाव लोटलं होतं. एकीकडे कढईत मासे तळणं चाललं होतं, चर्चच्या बायका नव्या टोप्या घालून मिरवत होत्या, बँडचे ढोल कान किटवत होते. मधोमध काळ्या दगडाची भिंत, निळ्या कापडानं झाकलेली. लुविनिया त्या कापडाकडे बघायचं टाळत होती.

भिंतीवर एकोणचाळीस नावं होती. एकसष्ट वर्षांपूर्वी मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढला म्हणून गावातल्या एकोणचाळीस काळ्या माणसांना पोलिसांनी तुरुंगात कोंबलं, त्यांची नावं. त्यात लुविनिया टॉलिव्हरचंही होतं. नावाचं तिला काही वाटत नव्हतं. नाव तर तिनं एवढी वर्षं मिरवलं होतं. पण गेल्या वर्षी कोर्टाच्या तळघरात पोलिसांनी तेव्हा काढलेले फोटो सापडले. समितीनं ठरवलं, प्रत्येक नावावर त्या माणसाचा फोटो कोरायचा. आता तासाभरात कापड पडणार आणि सगळ्या गावाला तो चेहरा दिसणार.

आणि लुविनिया तर तुरुंगात गेलीच नव्हती.

तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मोर्चाच्या दिवशी पहाटेच तिची आई पर्ली तिला ओढत गावाबाहेर मावशीकडे घेऊन गेली, खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. ही आतून दारावर लाथा मारत राहिली. “मला कामावर जायचंय,” एवढंच बोलून आई निघून गेली. पर्ली एका गोऱ्या बँकवाल्याकडे स्वयंपाक करायची. मालकीणबाई परगावी गेल्या, पोरांपाशी राहावं लागलं, असं सांगत ती सहा दिवसांनी लेकीला न्यायला आली.

रविवारी चर्चमध्ये सुटून आलेल्यांची नावं वाचली गेली, तर त्यात लुविनियाचं नाव! बायकांनी तिला पोटाशी धरलं, रडल्या. खरं नाव सांगितलं की कामावरून काढून टाकत, म्हणून कैक जण पोलिसांना दुसऱ्याच कुणाचं नाव ठोकून देत. कुणीतरी तिचं दिलं होतं. पोरीला ते कौतुक गोड लागलं आणि ती गप्प बसली.

गप्पच बसली असती तरी बरं होतं. पण नाही! पुढे ती बोलायला लागली. शाळांतून, चर्चमधून, दर वर्षी. “आईनं मला कोंडलं होतं. भित्री होती बिचारी, गोऱ्यांपुढे मान वर करायची नाही. मी खिडकीतून उडी मारली आणि गेले!” मुलं टाळ्या पिटायची. मागच्या बाकावर पर्ली पुठ्ठ्याच्या पंख्यानं वारा घेत बसलेली असायची. ती एकदाही काही म्हणाली नाही, अगदी मरेपर्यंत.

“मिस लुविनिया!” समितीचे ब्रॉडनॅक्स लगबगीनं आले. गृहस्थाला गावात येऊन जेमतेम दहा वर्षं झालेली. “तुमचा फोटो मी स्वतः पाहिला. काय सांगू, डोळे अगदी तेच! आजही पटकन ओळखू येता.”

“चष्मा बदला हो,” ती कसंबसं म्हणाली. हा माणूस उगाच गोड बोलतोय, की फोटो खरंच पुसट आहे? तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेवढ्यात गर्दीतून एक जांभळी टोपी हात हलवत पुढे आली. “अगं लू! म्हातारी झालीस की!”

अर्नेस्टिन! शेजारची, एका बाकावरची मैत्रीण, लग्नानंतर डेट्रॉइटला गेलेली. इतकी वर्षं लुविनियाचा संशय होता तो हिच्यावरच. लुविनियानं तिला दंड धरून बाजूला ओढलं.

“तूच ना ती? पोलिसांना माझं नाव तूच दिलंस ना?”

“काय बरळतेस? ऊन लागलं का तुला?”

“मी गेले नव्हते गं. मावशीच्या खोलीत रडत बसले होते. माझ्या नावावर दुसरीच कुणीतरी आत गेली.”

अर्नेस्टिनचं हसू मावळलं. “मी माझंच नाव सांगितलं, लू. पहिल्या रांगेत आहे, कापड पडलं की बघ. तू दिसली नाहीस तेव्हा वाटलं, दुसऱ्या कोठडीत असशील.” मग हळूच म्हणाली, “आणि आईला भित्री म्हणत गावभर फिरलीस ते?”

“कोंडलं तर होतंच ना तिनं!”

“हं.” अर्नेस्टिननं दंड सोडवून घेतला. “जा, तुझी खुर्ची मंचावर मांडलीय.”

गप्प राहावं तर कापड पडल्यावर शोभा होणार, बोलावं तर आत्ताच होणार. शेवटी शरमेनंच लुविनियाला मंचाचा जिना चढायला लावला. ढोल थांबले. ब्रॉडनॅक्स दोरीला हात घालणार, तोच तिनं माइक ओढून घेतला.

“थांबा. मी खोटारडी आहे. मी तुरुंगात गेले नव्हते. खिडकीतून उडीबिडी काही मारली नाही.”

कॅमिल तोंडावर हात धरून उभी होती.

“कुणीतरी माझ्या नावावर आत गेली, मार खाल्ला, आणि टाळ्या मी घेतल्या. ती कोण, मला ठाऊक नाही. आता चेहरा दिसेल. कुणी ओळखलंत तर मोठ्यानं सांगा. माझं नाव खोडून तिचं कोरू.”

तिनं स्वतःच दोरी ओढली. कापड घसरत खाली आलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. लुविनियानं चष्मा पुसला, पहिली रांग, दुसरी रांग करत तिसरीपाशी आली आणि वर पाहिलं.

तिच्या नावाच्या वर, छातीशी नंबराची पाटी धरून, तिची आई सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.